नावापुरता मुंबईकर

लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीत "गाव कुठलं?" म्हणून विचारा, मुंबई असं उत्तर यायचं नाही. तीन पिढ्या एका खोलीत गेल्या तरी माणूस मालवण सांगेल, देवगड सांगेल, गुहागर नाहीतर सावंतवाडी सांगेल. गणपतीला आणि शिमग्याला जायचं ते गाव. मुंबई हा नुसता पत्ता. या प्रकरणात ज्याची गोष्ट आहे त्याचं सगळं उलट. त्याच्या नावात मुंबई आहे आणि तो राहतो तिकडे लांब, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या चिंब झाडीत. गिरगावपासून दादरपर्यंत कोणाच्या गॅलरीतल्या कुंडीत तो बसलेला दिसणार नाही.

हा एक बेडूक आहे. अंगठ्याच्या पेराएवढा. रंग वाळल्या पानाचा, कधी करड्याकडे झुकणारा, कधी तांबूस. शास्त्रीय नाव राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस. इंग्रजीत बॉम्बे बुश फ्रॉग म्हणतात, आपण झुडूपबेडूक म्हणू. डबक्यात तो नसतोच. कंबरेएवढ्या झुडपाच्या पानावर बसून पावसाळी रात्री ओरडतो, आणि त्या ओरडण्यालाही 'डराव' म्हणता येणार नाही. कोणीतरी जुन्या घड्याळाला किल्ली दिल्यासारखं ते टिक्-टिक्-टिक् चालतं.

त्याला हे नाव दिलं नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी, 1919 साली. 1916 मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था निघाली तिचे हे पहिले संचालक. मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर त्यांनी कोलकात्याच्या 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम'मध्ये लिहिलं, त्यातच या बेडकाचं बारसं झालं. नमुना मिळाला होता कॅसलरॉकला. लोंड्याहून गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर घाट उतरून दूधसागरच्या तुषारांत शिरण्याआधी जे धुक्यातलं स्टेशन लागतं, ते हे. पलीकडे पोर्तुगीजांची हद्द, अलीकडे इंग्रजांची. हा सगळा उत्तर कानडा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला होता. त्यामुळे तिथला बेडूक कागदोपत्री 'मुंबईचा' झाला. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बेडकाचं नाव कोण बदलणार? एकदा छापलं की ते छापलं. तेव्हा याचं नाव मुंबईचं, जन्मगाव आता कर्नाटकातलं, आणि ज्या नमुन्यावरून नाव पडलं तो बाटलीत बसला कोलकात्याला. सीमावादात पडलेल्यांनी याच्याकडून काही शिकावं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

मुंबईत बेडूक नव्हतेच असं मात्र नाही. हे शहर एके काळी तळी आणि विहिरींचं होतं. गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबीतलाव ही नावं बसच्या पाटीवर अजून आहेत, पाणी नाही. गिरगावच्या वाड्यांतून घरटी नाही तरी वाडीगणिक विहीर होती. नारळ, फणस, केळी यांच्या वाड्या होत्या त्या, म्हणूनच तर फणसवाडी, केळेवाडी. झाडं गेली, चाळी आल्या, तरी विहिरी बराच काळ टिकल्या.

मग मलेरिया आला, म्हणजे तो होताच, त्याचं कारण सापडलं. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करून 1911 मध्ये अहवाल दिला, त्यात बोट विहिरींकडे होतं. हा ताप पसरवणारा डास दलदलीतला नव्हे, तर घराशेजारच्या स्वच्छ, गार विहिरीत वाढणारा. पालिकेनं विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात केली. त्यावर मोठा गदारोळ झाला. पारशांच्या आणि हिंदूंच्या धर्मकृत्यांना विहिरीचं पाणी लागे. शिवाय विहिरीत कोणी ना कोणी देव, पीर, सात आसरा राहत असत, त्यांना कोंडायचं कसं? रुस्तम मसानी तेव्हा पालिकेत होते. हे सगळं ऐकता ऐकता त्यांना इतका ऐवज मिळाला की त्यांनी 1918 मध्ये विहिरींच्या लोकश्रद्धांवर पुस्तकच लिहिलं. आसरांची बाजू मांडायला माणसं निघाली. बेडकाची बाजू कोणी मांडल्याचं मला तरी वाचायला मिळालं नाही. आपल्या भाषेत 'कूपमंडूक' ही शिवी आहे. मुंबईनं कूपच बंद करून टाकला.

आमच्या वाडीतल्या विहिरीवर लोखंडी झाकण होतं आणि त्यावर लोक कपड्यांच्या बादल्या ठेवत. बेडूक मी पहिल्यांदा नीट पाहिला तो शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात. आठवतो का तो तक्ता? वर्तुळात फिरणारे बाण. आधी साबुदाण्यासारखी अंडी, मग शेपटीवाला भैकेर, मग मागचे पाय, मग पुढचे, मग शेपटीचा बुडखा उरलेला अर्धवट प्राणी, आणि शेवटी पूर्ण बेडूक, तो पुन्हा अंड्यांकडे बघतोय. दुसऱ्यांदा पाहिला तो कॉलेजात, मेणाच्या ट्रेमध्ये, चारही पाय टाचण्यांनी ताणलेला. त्या काळात प्राणिशास्त्राच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोन-चार बेडूक येत. फॉर्मॅलिनच्या वासानं डोळे चुरचुरत आणि डबा खायची इच्छा मरे. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ही चिरफाड बंद करायला सांगितली, ते बरं झालं. पण गंमत अशी की इतके बेडूक फाडूनही आम्हाला बेडकांबद्दल जे ठाऊक होतं ते त्या तक्त्यापलीकडे नव्हतं. बेडूक म्हटला की डबकं आलं, भैकेर आला, शेपटी आली.

झुडूपबेडूक त्या तक्त्यात बसत नाही. त्याच्या आयुष्यात डबकंच नाही.

हे कसं, ते समजायला मधला एक बेडूक घेऊ. कोकणातल्या ज्याच्या त्याच्या न्हाणीघरात दिसणारा, भिंतीला चिकटून डोळे मिटून बसलेला पिवळट तपकिरी बेडूक. इंग्रज त्याला चुनाम फ्रॉग म्हणत, चुन्याच्या भिंतीवर बसतो म्हणून. हा खरा झाडावरचा. याच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या चकतीवर षटकोनी पेशींची फरसबंदी दिसते, मध्ये बारीक चर, आणि चरांतून चिकट ओल. त्या ओलीच्या पातळ थरावर तो गुळगुळीत काचेवरसुद्धा उभा चढतो. अंडी घालायची वेळ आली की मादी पाण्याच्या वर, फांदीला नाहीतर टाकीच्या आतल्या भिंतीला फेसाचं घरटं करते. अंड्यांबरोबर सोडलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून घुसळून, ताकावर लोणी यावं तसा तिनं तो फेस काढलेला असतो. वरून फेस कडक होतो, आत ओल राहते. भैकेर तयार झाले की घरटं विरघळतं आणि पोरं टपटप खाली पाण्यात पडतात. म्हणजे यानं अंडी पाण्याबाहेर काढली, पण मुलांना पाण्यातच धाडलं. अर्धं गाव सोडलं, अर्धं राखलं.

झुडूपबेडकाच्या भावकीनं पूर्ण सोडलं. या राओर्केस्टिस कुळात सत्तरहून अधिक जाती आहेत, बहुतेक पश्चिम घाटातल्या. कोणी ओल्या मातीत खळगा करून अंडी घालतो, कोणी पानावर चिकटवतो, दक्षिणेकडचे एक-दोघे तर बांबूच्या पेरात चिरेतून आत शिरून घालतात आणि नर आत राखण बसतो. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: भैकेर बाहेर येतच नाही. त्या तक्त्यातलं अख्खं वर्तुळ अंड्याच्या आत फिरतं. शेपटी येते, पण ती पोहण्यासाठी नाही. पारदर्शक, रक्तवाहिन्यांनी भरलेला पातळ पडदा असतो तो, श्वासासाठी. तीन-चार आठवड्यांत तोही आत शोषला जातो. अंड्यातून निघतो तो तांदळाच्या दाण्याएवढा पुरता बेडूक, बोटांच्या चकत्यांसकट.

फायदा उघड आहे. डबक्यात मासे असतात, चतुराच्या अळ्या असतात, पाणसाप असतात, आणि दुसऱ्या बेडकांची उपाशी पोरंही असतात. मोठा हिरवा बेडूक हजारांनी अंडी घालतो कारण त्यातली बहुतेक खाल्लीच जाणार हे त्यानं धरलेलं आहे. झुडूपबेडकीची अंडी मोजकी, पण प्रत्येकात बलक भरपूर. पोराला बाहेर शोधायला पाठवायचं नाही तर डबा बरोबर द्यायला हवा. किंमत मात्र जबर. डबक्यातल्या अंड्याला आठ दिवस पावसानं दडी मारली तरी चालतं, डबकं असतंच. पानावरच्या अंड्याला कवच नाही, वर फक्त जेलीचा थर. हवा कोरडी पडली की खेळ आटोपला. डबक्यापासून तो सुटला, पण दमट हवेचा कायमचा बांधील झाला. कुलाब्याला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जगाच्या मानानं पुष्कळच. तरी मुंबईतला तो पाऊस आणि घाटमाथ्यावरच्या आंबोलीतला पाऊस एक नव्हे. मुंबईत सर येते आणि जाते, दोन सरींमध्ये पत्रे तापतात. आंबोलीत सर येत नाही, ढगच जमिनीवर राहायला येतो.

आता जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ, कारण हीच युक्ती तिकडे दुसऱ्याच कोणीतरी स्वतंत्रपणे शोधून काढली आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनं अँडीज पर्वत उभा आहे. त्याच्या उतारांवर, जिथं प्रशांत महासागराचे नाहीतर अ‍ॅमेझॉनचे ढग अडतात तिथं, आपल्या घाटमाथ्यासारखंच शेवाळ्यानं मढलेलं जंगल आहे. तिथं प्रिस्टिमँटिस नावाचं कुळ नांदतं. पाचशेहून अधिक जाती. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढं मोठं कुळ दुसरं नाही. हे बेडूकही पेराएवढेच, हेही पानांवर बसणारे, बोटांना चकत्या असलेले, आणि यांचेही भैकेर अंड्याबाहेर येत नाहीत. फोटो समोर ठेवला तर आंबोलीचा कोणता आणि इक्वेडोरचा कोणता, हे सांगताना भल्याभल्यांची दांडी उडेल. पण नातं म्हणाल तर नाही. आपले झुडूपबेडूक तळ्यातल्या हिरव्या बेडकाच्या बाजूचे, त्यांचे तिकडच्या भेकांच्या बाजूचे. दोन घराण्यांची फारकत दहा कोटी वर्षांहून जुनी. सारखा डोंगर, सारखा ढग, सारखी अडचण. उत्तरही सारखं निघालं.

या कुळातला एक नमुना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इक्वेडोरच्या ढगांतल्या जंगलात कॅथरीन आणि टिम क्रायनॅक या दांपत्याला 2009 साली रात्रीच्या फेरीत एक काटेरी बेडूक मिळाला. अंगभर काटे, शेवाळ्यात बसला तर ओळखूही येणार नाही. डब्यात घालून मुक्कामावर आणला. दुसऱ्या दिवशी फोटोसाठी पांढऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवला तर काटे गायब, कातडी तुळतुळीत. बाईंना वाटलं, रात्री चुकून भलताच उचलून आणला. हिरमुसून त्यांनी त्याला डब्यात थोडं शेवाळ घालून ठेवलं, आणि बघतात तर काटे परत आलेले. मग घड्याळ लावून पाहिलं, काटेरी ते गुळगुळीत हा प्रवास 330 सेकंदांत. 2015 मध्ये त्याला प्रिस्टिमँटिस म्युटॅबिलिस, म्हणजे बदलणारा, असं नाव मिळालं. यातला धडा शास्त्रज्ञांना चांगलाच झोंबला. बाटलीतल्या मेलेल्या बेडकाची कातडी काटेरी की गुळगुळीत हे बघून आजवर जाती वेगळ्या पाडल्या जात होत्या. त्यातल्या किती जाती म्हणजे एकाच बेडकाच्या दोन अवस्था असतील?

दुसरा किस्सा क्विटो शहराचा, आणि तो मला मुंबईकर म्हणून जास्त लागतो. क्विटो ही इक्वेडोरची राजधानी, समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,850 मीटरवर. तिथं गॅस्ट्रोथेका नावाचा बेडूक घराघरांच्या बागांत असायचा. याच्या मादीच्या पाठीवर चक्क पिशवी असते. अंडी बाहेर आली की नर ती पायानं पिशवीत सारतो आणि पुढचं सगळं त्या पिशवीत. काही जातींत भैकेर झाल्यावर मादी पाण्यात जाऊन मागच्या पायाच्या बोटानं पिशवीचं तोंड ताणते आणि एकेक पोर बाहेर काढते; काहींत थेट पूर्ण बेडूकच बाहेर येतो. 1970च्या दशकात युजेनिया देल पिनो परदेशातून शिकून क्विटोच्या विद्यापीठात परतल्या, तेव्हा प्रयोगशाळेत उपकरणं नव्हती, पैसे नव्हते. आवारातल्या बागेत हा बेडूक मात्र होता. त्याच्या गर्भवाढीवर त्यांनी आयुष्यभर काम केलं आणि जगानं ते मानलं. 2000 साली विज्ञानातल्या स्त्रियांसाठीचा लॉरिएल-युनेस्को पुरस्कार त्यांना मिळाला. घराच्या अंगणातला प्राणी घेऊन इतकं करता येतं. अर्थात अंगण असलं तर.

सह्याद्रीत आणि अँडीजमध्ये या बेडकांच्या एवढ्या जाती का झाल्या, त्याचं कारणही त्याच ओलीत आहे. तळं लागत नाही, म्हणून प्रत्येक शिखरावर, प्रत्येक खोंगळीत संसार मांडता येतो. पण कोरडी, उष्ण दरी ओलांडता येत नाही. त्यामुळे एका डोंगराचा बेडूक समोरच्या डोंगराला लाखो वर्षं भेटलेला नसतो. प्रत्येक डोंगर हे बेट, आणि प्रत्येक बेटावर हळूहळू वेगळी बोली, वेगळी जात. पालघाटच्या खिंडीच्या अल्याड-पल्याडचे बेडूक याच कारणानं निराळे पडले. सावंतवाडीची मालवणी आणि चंदगडची बोली यांत घाट चढताच फरक पडतो, तसंच काहीसं.

ओळखायचं कसं, हा मग वांधा होतो. एकाच जातीत चार रंग, आणि चार जातींचा एकच रंग. म्हणून आता अभ्यासक डोळ्यांपेक्षा कानांवर आणि जनुकांवर जास्त विसंबतात. आपल्या बेडकाची नावं बघा ना: अ‍ॅनंडेल यांनी त्याला इक्झालस कुळात घातलं, पुढे तो फिलॉटस झाला, आणि 2010 साली राओर्केस्टिस. हे नवं कुळ सत्यभामादास बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाडलं. त्यात पुण्याचे योगेश शौचे होते. 'राओ' म्हणजे बंगळूरचे सी. आर. नारायण राव, बेडकांवर भारतीय माणसानं मन लावून काम करण्याची वाट पाडणाऱ्यांपैकी एक आणि 1932 मध्ये निघालेल्या 'करंट सायन्स'चे पहिले संपादक. नवं कुळ जाहीर झालं तेही 'करंट सायन्स'मध्येच. महाराष्ट्रातही नामकरणं झाली. 2013 मध्ये आनंद पाध्ये, अमित सय्यद, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी आपल्या सह्याद्रीतल्या एका झुडूपबेडकाला पुण्याच्या मॉडर्न कॉलेजचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्यावरून राओर्केस्टिस घाटेई असं नाव दिलं. घाटातला तो घाटेई. योगायोगच, पण छान.

मुंबईचा या सगळ्यात वाटा काय? नुसतं नाव? तसं नाही. गिरगावात प्रार्थना समाज हा आता एक सिग्नल आणि बसथांबा म्हणून लोकांना ठाऊक. ती संस्था 1867 मध्ये काढणाऱ्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर पुढे होते. याच डॉक्टरांनी 1883 च्या सप्टेंबरात आणखी सात जणांबरोबर बसून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. आठांत दोनच हिंदी माणसं; दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. पुढे फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यानं फोर्टातल्या आपल्या दुकानात जागा दिली, आणि मद्याच्या बाटल्यांशेजारी सापा-बेडकांच्या बाटल्या आल्या. संस्थेचं नियतकालिक 1886 पासून निघतं. जे. सी. डॅनियल यांनी पश्चिम भारतातल्या बेडकांचं ओळखपुस्तक त्यातच क्रमशः लिहिलं, आणि पुढच्या कित्येकांची सुरुवात त्या पानांच्या झेरॉक्सवर झाली.

त्याच संस्थेतले हुमायून अब्दुलअली. पक्षी हा त्यांचा मुख्य विषय, पण बेडकांचं त्यांनी जे केलं ते कोणी केलं नाही. एके काळी भारत बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणारा मोठा देश होता; शेतांतून, भातखाचरांतून पोत्यांनी बेडूक उचलले जात. ही निर्यात म्हणजे शेतकऱ्याचा फुकट राबणारा गडी विकून वर कीटकनाशकं विकत घेणं आहे, हा हिशेब ते वर्षानुवर्षं मांडत राहिले. 1987 साली सरकारनं निर्यात बंद केली. गोव्यात 'जंपिंग चिकन' या लाडक्या नावाखाली पहिल्या पावसातली चोरटी धरपकड मात्र त्यानंतरही चालू राहिली. हुमायून यांच्या नावाचाही एक बेडूक आहे, निक्टिबट्रॅकस हुमायुनी, ओढ्याकाठचा. 1955 साली वर्णन झालेला. 2016 मध्ये त्याच्या मीलनाची पद्धत जगातल्या दुसऱ्या कुठल्याच बेडकासारखी नाही, असं जाहीर झालं: नर मादीला मिठी मारत नाही, तिच्या पाठीवर बसून पान धरतो, शुक्र पाठीवर सोडून उतरतो, आणि ती मागाहून अंडी घालते. यालाही इंग्रजीत बॉम्बे नाइट फ्रॉगच म्हणतात. हाही नावापुरताच.

तिकडे अमेरिकेतल्या डोंगरांवर गेल्या काही दशकांत एका सूक्ष्म बुरशीनं हाहाकार केला. ती बेडकाच्या कातडीत वाढते, आणि बेडूक कातडीनं पाणी पितो, क्षार राखतो, श्वासही घेतो. कातडी बिघडली की हृदय थांबतं. 2019 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार निदान 501 जाती या बुरशीनं घटल्या, त्यांपैकी 90 बहुधा संपल्या. सगळ्यात जास्त घाव मध्य आणि दक्षिण अमेरिकेवर. ही बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे, पण इथं तसे मुडद्यांचे खच पडलेले नाहीत. बुरशीचं मूळ आशियात असल्याचं 2018 च्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. जुन्या शेजाऱ्याचा उपद्रव अंगवळणी पडतो, तसं काही असावं. आपल्या बेडकाला भीती बुरशीपेक्षा उन्हाची. वरची सावली कापली, की खालचं झुडूप जागेवर असूनही पानावरची ओल उडते.

हे सगळं पुस्तकात वाचून झाल्यावर एका जुलैत दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडली. डब्यात निम्मे लोक परळ-लालबागचे, गावी शेतीच्या कामाला निघालेले. सावंतवाडीला उतरून एस.टी.नं आंबोली. ज्या घरी उतरलो तिथल्या काकींनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "बेडूक बघूक मुंबैसून इलंस?" हो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे आणि मग माझ्या नव्या गमबुटांकडे पाहिलं आणि आत गेल्या.

रात्री नऊनंतर रस्ता सोडून झाडीत शिरलो. धुकं इतकं की बॅटरीचा झोत पांढऱ्या भिंतीसारखा समोर उभा राही. टिक्-टिक् चहूबाजूंनी. आवाजाच्या दिशेनं दोन पावलं टाकली की तो बंद, मागचा सुरू. शेवटी बॅटरी विझवून उभा राहिलो. अंगावर जळवा चढतायत हे कळत होतं, हलता येत नव्हतं. पाच-सात मिनिटांनी हाताच्या अंतरावर एकानं सुरुवात केली. बोटांनी झाकून बारीक उजेड सोडला. कारवीच्या पानावर तो बसला होता, आणि गळ्याखाली त्याच्या डोक्याहून मोठा, पातळ फुगा. प्रत्येक टिक्ला फुगा थरथरत होता आणि त्यातून उजेड आरपार जात होता. एवढ्याशा जिवातून तो आवाज निघतो यावर समोर बघूनही विश्वास बसेना.

अंडी दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली, बरोबरच्या मुलानं दाखवली. गुडघ्याएवढ्या झुडपाचं पान त्यानं दोन बोटांनी हळूच उलटलं. खालच्या बाजूला जेलीचे पंधरा-सोळा थेंब चिकटलेले, कोणी साबुदाण्याची खिचडी सांडल्यासारखे, पण काचेसारखे स्वच्छ. भिंग लावलं. प्रत्येक थेंबात एक बेडूक मुडपून बसला होता. दोन काळे डोळे, पोटाशी पिवळसर बलकाचा उरलेला गोळा, आणि पाठीमागून पंख्यासारखा वळलेला तो शेपटीचा पडदा, त्यात लाल रेषा. एक जण अचानक आतल्या आत फिरला आणि पाठ करून बसला.

वरच्या पानावरून एक थेंब घरंगळत आला, देठाशी थांबला आणि जेलीवर पसरला. मुलानं पान सोडलं. ते आपोआप पूर्वीसारखं सुलटं झालं.

"ह्यांका अजून आठ दिस," तो म्हणाला, आणि पुढच्या झुडपाकडे गेला.